वैर, तटस्थता आणि औदासीन्य : फ्रान्समधील ख्रिस्ती धर्माच्या निमित्ताने

'आधुनिक समाज ख्रिस्ती धर्माचा वैरी आहे काय ?' हा प्रश्न पाश्चात्य देशांत धर्मपीठांवरून, वृत्तपत्रांतून आणि न्यायालयांतूनही वारंवार विचारला जातो. त्याची उत्तरे दोन्ही बाजूंनी मोठ्या ठामपणे दिली जातात. एक पक्ष म्हणतो की, शाळेच्या भिंतीवरून क्रूस उतरविला गेला, धर्मश्रद्धेची थट्टा राजरोस चालते, तेव्हा वैर नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे ? दुसरा पक्ष म्हणतो की, ज्याने शतकानुशतके सत्ता भोगली त्याला समानतेची वागणूकही जुलूम वाटू लागते. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकल्यावर असे दिसते की, वाद जितका वस्तुस्थितीविषयी आहे तितकाच तो एका शब्दाविषयी आहे. 'वैर' हा शब्द दोघेही वापरतात. पण एकाच अर्थाने वापरीत नाहीत. प्रस्तुत लेखात या शब्दाचा उलगडा करण्याचा प्रयत्न आहे. 'आधुनिक समाज' हे पद फार व्यापक असल्यामुळे विवेचन मुख्यतः फ्रान्सपुरते मर्यादित ठेवले आहे. खरे वैर, कायदेशीर तटस्थता आणि निव्वळ औदासीन्य या तिन्ही अवस्था त्या एका देशाच्या सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात स्पष्टपणे वेगळ्या काढून दाखविता येतात, हे त्या निवडीचे कारण होय.

१. प्रश्नाचे व्याकरण

'समाज ख्रिस्ती धर्माचा वैरी आहे' या विधानात कर्ता कोण ? 'समाज' हे समूहवाचक नाम आहे, आणि समूहवाचक नामाला वैराची भावना चिकटवणे व्याकरणदृष्ट्या जितके सोपे तितकेच विचारदृष्ट्या धोक्याचे असते. कायदा करणारी संसद, तो राबविणारे सरकार, व्यंगचित्र काढणारा चित्रकार, चर्चमध्ये सुरा घेऊन शिरणारा मारेकरी आणि रविवारी चर्चऐवजी बाजारात जाणारा गृहस्थ या सर्वांना आपण एकाच 'समाज' या शब्दात कोंबतो. म्हणून पहिली कसोटी ही की, प्रत्येक प्रसंगी खरा कर्ता कोण हे विचारावे. दुसरी कसोटी ही की, ख्रिस्ती माणसाकडून नेमके काय हिरावले गेले हे पाहावे : त्याची उपासना, त्याचा विशेषाधिकार, की केवळ इतरांचे त्याच्याकडे असलेले लक्ष ? आणि तिसरी कसोटी : ज्याला अन्याय झाला असे वाटते, त्याला दाद मागण्याचा मार्ग उरला आहे काय ?

या ठिकाणी भाषेचा अभ्यासक आणखी एक सावधगिरी सुचवील. शब्दाच्या रूपावरून वैर ठरविता येत नाही. फ्रेंच भाषेत 'क्रेतँ' हा मूर्ख या अर्थाचा शब्द आहे. तो आल्प्स पर्वतातील बोलीतून आला असून 'ख्रिस्ती' या अर्थाच्या 'क्रेतिएँ' या शब्दाचाच तो भाऊ आहे. हे कळताच एखाद्यास वाटेल की, ख्रिस्ती धर्माविषयीच्या तिरस्काराचा हा भाषिक पुरावा आहे. पण सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण नेमके उलट आहे. त्या डोंगराळ भागात गलगंड व मतिमांद्य यांनी ग्रासलेली माणसे पुष्कळ आढळत. 'हाही ख्रिस्तीच आहे', म्हणजे हाही आपल्यासारखाच माणूस आहे, अशा कणवेने त्यांना ते नाव मिळाले. पुढे कणव गेली आणि शिवी उरली. तेव्हा शब्द कोणत्या धातूपासून निघाला यापेक्षा तो कोणी, कोणत्या प्रसंगी, कोणत्या हेतूने वापरला हे महत्त्वाचे. चिन्हांविषयीही हेच खरे आहे, हे पुढे दिसून येईल.

२. वैराचा काळ

वैर म्हणजे काय हे फ्रान्सने एकदा पुरतेपणी अनुभवले आहे. जुलै १७९० मध्ये राज्यक्रांतीच्या संसदेने धर्मगुरूंना राज्याचे पगारी सेवक बनविणारा कायदा केला आणि त्यांच्याकडून निष्ठेची शपथ मागितली. ज्यांनी ती नाकारली ते संशयित ठरले. सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या तुरुंगांत झालेल्या कत्तलीत दोनशेच्या आसपास धर्मगुरू मारले गेले. नोव्हेंबर १७९३ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाम या महामंदिराचे 'बुद्धीचे मंदिर' असे नामांतर करण्यात आले.

या काळाचे एक लक्षण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास विशेष उद्बोधक वाटावे. वैराने प्रथम हात घातला तो नावांना. ऑक्टोबर १७९३ मध्ये नवी कालगणना आली. सात दिवसांचा आठवडा रद्द होऊन दहा दिवसांचा 'दशक' सुरू झाला. फ्रेंचमधील रविवारवाचक 'दिमांश' हा शब्द लॅटिनमधील 'प्रभूचा दिवस' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. नव्या पंचांगात त्या शब्दाला जागाच उरली नाही. वर्षातील प्रत्येक दिवसाशी जोडलेली संतांची नावे काढून त्यांच्या जागी वनस्पती, प्राणी आणि शेतीची अवजारे यांची नावे आली. 'संत' हा शब्द असलेली गावे नवी नावे धारण करू लागली. सँ-दनी या गावाचे 'फ्रांसियाद' झाले. ज्या मोंमार्त्र टेकडीचे नाव परंपरेने हुतात्म्यांशी जोडले जाते, ती क्रांतिनेता मारा याच्या नावाने 'मों-मारा' म्हणून ओळखली जाऊ लागली.

हा प्रयोग टिकला नाही. १ जानेवारी १८०६ रोजी जुनी कालगणना परत आली. गावांनीही बहुधा आपली जुनी नावे परत घेतली. पुढे रशियात याचीच पुनरावृत्ती झाली. सोव्हिएत सरकारने १९२९ मध्ये सात दिवसांचा आठवडा मोडून पाच दिवसांचा आणि नंतर सहा दिवसांचा आठवडा आणला. १९४० मध्ये तो सोडून द्यावा लागला. रशियन भाषेत रविवाराला आजही 'वस्क्रेसेन्ये' म्हणजे 'पुनरुत्थान' असेच म्हणतात. अल्बानियाने १९६७ मध्ये सर्व प्रार्थनास्थळे बंद केली आणि पुढे धर्मसूचक व्यक्तिनामे बदलण्याचा हुकूमही काढला. या तिन्ही उदाहरणांत कर्ता राज्यसंस्था आहे, हिरावली गेलेली गोष्ट प्रत्यक्ष उपासना आहे, आणि दाद मागण्याचा मार्ग बंद आहे. आपल्या तिन्ही कसोट्यांवर हे वैर निःसंशय ठरते. नावे पुसण्याचा हट्ट ही त्याची एक ठळक खूण म्हणता येईल.

३. फारकत

१९०५ चा कायदा मात्र वेगळ्या जातीचा आहे. ९ डिसेंबर १९०५ रोजी फ्रान्सने राज्य आणि धर्मसंस्था यांची फारकत केली. नेपोलियनने १८०१ मध्ये पोपशी केलेल्या करारानुसार चालत आलेली धर्मगुरूंच्या पगाराची व्यवस्था संपली. या कायद्याचे पहिले कलम सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची आणि उपासनेच्या स्वातंत्र्याची हमी देते. दुसरे कलम सांगते की, प्रजासत्ताक कोणत्याही धर्मपंथास राजमान्यता, वेतन किंवा अनुदान देत नाही. याच कायद्यात, धमकी देऊन एखाद्यास उपासनेपासून रोखणाऱ्यास आणि उपासनेत व्यत्यय आणणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. वैरी आपल्या शत्रूच्या प्रार्थनेस असे संरक्षण देत नसतो.

तथापि या कायद्याचा जन्म निर्मळ तटस्थतेतून झाला, असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील कॅथलिक धर्मसंस्थेचा मोठा भाग राजेशाहीच्या बाजूने उभा होता. १८९४ नंतरच्या द्रेफ्यू प्रकरणात एका निरपराध ज्यू अधिकाऱ्याविरुद्ध विष पसरविणाऱ्यांत काही कॅथलिक वृत्तपत्रे आघाडीवर होती. त्याची प्रतिक्रिया तीव्र झाली. १९०१ च्या कायद्याने धर्मसंघांवर परवानगीचे बंधन आले. १९०३ मध्ये ग्रांद शार्त्रझ येथील मठवासीयांना सैनिक पाठवून बाहेर काढण्यात आले. जुलै १९०४ च्या कायद्याने धर्मसंघांच्या सभासदांना शिकविण्याचीही बंदी झाली. येथे केवळ विशेषाधिकार गेला असे म्हणता येणार नाही. मठातील सामुदायिक जीवन व अध्यापन ही माणसांची निवडही हिरावली गेली. फारकतीनंतर १९०६ मध्ये चर्चमधील मालमत्तेची मोजदाद सुरू झाली तेव्हा ठिकठिकाणी दंगे उसळले आणि बोएशेप या उत्तरेकडील गावी एका माणसाचा बळी गेला.

पण पुढे काय घडले, हे निर्णायक आहे. पोप दहावे पायस यांनी कायद्याचा धिक्कार केला आणि त्यात सांगितलेल्या उपासना-संस्था स्थापण्यास नकार दिला, तरी सरकारने चर्चला कुलुपे ठोकली नाहीत. १९०७ मध्ये नवे कायदे करून उपासना पूर्ववत् चालू राहील अशी तजवीज केली. १९२४ मध्ये धर्मप्रांतीय संस्थांविषयी रोमशी समझोता झाला. ३१ डिसेंबर १९५९ च्या कायद्याने तर राज्याशी करार करणाऱ्या खासगी शाळांच्या शिक्षकांचे वेतन राज्य देऊ लागले, आणि त्या शाळांपैकी बहुसंख्य कॅथलिक आहेत. अल्सास व मोझेल हे प्रदेश १९०५ मध्ये जर्मनीच्या ताब्यात असल्यामुळे तेथे जुनाच करार चालू राहिला. तेथील धर्मगुरूंना आजही राज्य वेतन देते.

येथे आणखी एका कायद्याचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. फारकतीला पुरते आठ महिनेही झाले नव्हते, तोच १३ जुलै १९०६ रोजी याच प्रजासत्ताकाने कामगारांना साप्ताहिक सुटीचा हक्क दिला, आणि ती सुटी 'दिमांश' या दिवशी असावी असे कायद्यातच लिहिले. ज्या शब्दाला १७९३ च्या पंचांगात जागा नव्हती तो 'प्रभूचा दिवस' आता धर्मापासून फारकत घेतलेल्या राज्याच्या श्रमविषयक कायद्यात येऊन बसला. शब्द परत आला, परंतु विश्रांतीचा दिवस एवढाच अर्थ घेऊन. फ्रान्समध्ये वर्षाला अकरा सार्वजनिक सुट्या आहेत, आणि त्यांतील सहा ख्रिस्ती सणांच्या आहेत.

मराठी वाचकास ही प्रक्रिया अपरिचित वाटू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्या सुटीचे मूळ ख्रिस्ती आहे; पण आपल्या भाषेत वाराचे नाव सूर्याचे असल्यामुळे ते मूळ आपणांस जाणवतही नाही.

४. शब्द आणि चिन्ह

फ्रेंच लोक या राज्यव्यवस्थेस 'लाइसिते' म्हणतात. तो मूळ ग्रीक भाषेतील 'लोक' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, आणि चर्चच्या परिभाषेत त्याच कुळातील शब्दाने, धर्मगुरूची दीक्षा न घेतलेल्या सामान्य श्रद्धावंताचा बोध होतो. म्हणजे ज्या संकल्पनेला चर्चविरोधी समजले जाते, तिचे नाव चर्चच्याच घरात वाढलेले आहे. मराठीत आपण या अर्थाने 'निधर्मी', 'इहवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' असे तीन शब्द वापरले. 'निधर्मी' मध्ये धर्माचा अभाव सूचित होतो, 'इहवादी' मध्ये परलोकाकडे पाठ, तर 'धर्मनिरपेक्ष' मध्ये केवळ धर्माची अपेक्षा न ठेवणे. यांपैकी कोणता पर्याय घ्यावा हे ठरवितानाच वैर की तटस्थता या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिले जाते. विद्यार्थ्यांनी या पर्यायांकडे समानार्थी शब्द म्हणून पाहू नये, असे म्हणावेसे वाटते.

तटस्थतेची कसोटी प्रत्यक्षात चिन्हांच्या प्रश्नावर लागते. ब्रिटनीतील प्लोएर्मेल या गावी सार्वजनिक चौकात पोप दुसरे जॉन पॉल यांचा पुतळा उभारण्यात आला होता आणि त्यावर मोठा क्रूस होता. १९०५ च्या कायद्याचे अठ्ठाविसावे कलम, उपासनास्थळे, स्मशाने, संग्रहालये इत्यादींचा अपवाद सोडून, सार्वजनिक जागी नवे धर्मचिन्ह उभारण्यास मनाई करते. ऑक्टोबर २०१७ मध्ये देशातील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला : पुतळा राहू शकतो, क्रूस काढला पाहिजे. या निकालाने अनेक कॅथलिक दुखावले गेले, आणि त्यांचे दुःख खोटे म्हणता येणार नाही. पण त्याच न्यायालयाने त्याआधी एक वर्ष, नोव्हेंबर २०१६ मध्ये, नाताळात सार्वजनिक जागी येशूजन्माचा गोठा मांडण्याविषयी वेगळा निर्णय दिला होता. ती मांडणी तात्पुरती असेल, तिचे स्वरूप सांस्कृतिक, कलात्मक किंवा उत्सवी असेल आणि तीतून एखाद्या धर्माला राजमान्यता दिल्याचे सूचित होत नसेल, तर तिला हरकत नाही.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा निकाल लक्षणीय आहे. न्यायालय चिन्हाचा अर्थ चिन्हात शोधत नाही, प्रयोगात शोधते. एकच आकृती वेदीवर श्रद्धा व्यक्त करते, चौकात राज्याची पसंती सूचित करते आणि डिसेंबर महिन्यात उत्सवाची शोभा होते. इटलीतील शाळांमधील क्रूसासंबंधी मार्च २०११ मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने, पूर्वीचा निर्णय फिरवून, भिंतीवरील क्रूस हे मूलतः निष्क्रिय चिन्ह आहे असे मानले आणि तो तेथे ठेवण्याची इटलीला मोकळीक दिली. या निकालांशी आपण सहमत असू वा नसू. पण ज्याला अन्याय वाटला त्याला न्यायालयात जाता आले, युक्तिवाद करता आला, आणि कधी तो जिंकला तर कधी हरला. आपल्या तिसऱ्या कसोटीवर हे वैर ठरत नाही.

थट्टेचा प्रश्न याहून नाजूक आहे. जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनातील एका दृश्याने अनेकांना ख्रिस्ताच्या अंतिम भोजनाची आठवण झाली. फ्रान्सच्या बिशपांनी उघड खेद व्यक्त केला आणि संयोजकांनी दुखावलेल्यांची क्षमा मागितली. फ्रेंच कायदा श्रद्धावंताला संरक्षण देतो, श्रद्धाविषयाला देत नाही. थट्टेमागे तिरस्कार असू शकतो, आणि तो तसा असेल तेव्हा तसे म्हणण्यास हरकत नसावी. परंतु टीका आणि तिरस्कार यांत भेद केलाच पाहिजे. २०२१ मध्ये एका स्वतंत्र आयोगाने १९५० पासून फ्रान्समध्ये धर्मगुरू व धर्मसंघीय यांच्याकडून लैंगिक अत्याचार झालेल्या बालकांची संख्या अंदाजे २,१६,००० सांगितली. तो आयोग चर्चनेच नेमलेला होता. त्या अहवालानंतर उठलेल्या संतापास वैर म्हणणे म्हणजे पीडितांनाच शत्रू ठरविणे होय.

५. औदासीन्य

मग आजच्या फ्रान्सची खरी अवस्था कोणती ? २०१९-२० च्या सरकारी पाहणीत १८ ते ५९ या वयोगटातील ५१ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगितले. स्वतःस कॅथलिक म्हणविणारे २९ टक्के होते. यांतील पुष्कळांना कोणी चर्चमधून हाकलले नाही. ते आपणहून निघून गेले, आणि अनेकांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांनीच ती वाट सोडली होती. त्यांच्या नावांत संत आहेत, गावांच्या नावांत संत आहेत, निरोप घेताना ओठांवर 'आद्यू' म्हणजे 'देवापाशी' हा शब्द येतो. १७९३ प्रमाणे ही नावे पुसावीत असे कोणाला वाटत नाही, कारण त्यांचा अर्थच आता कोणाला टोचत नाही. वैर शब्दाला भिते म्हणून तो पुसते; औदासीन्य त्याला राहू देते, कारण त्याला तो ऐकूच येत नाही.

नोत्र-दामचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९०५ च्या कायद्यान्वये ती वास्तू राज्याच्या मालकीची असून तिचा विनामूल्य उपयोग कॅथलिक उपासनेसाठी होतो. १५ एप्रिल २०१९ रोजी तिला आग लागली तेव्हा नदीकाठी जमलेल्यांत श्रद्धावंत होते तसेच श्रद्धाहीनही होते. देणग्या सुमारे दीडशे देशांतून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली. ज्या समाजाने ती उभी केली त्याला ख्रिस्ती धर्माचे वैरी म्हणणे कठीण आहे. पण सारे काही श्रद्धेपोटी झाले असे म्हणणेही तितकेच कठीण. 'वारसा' या शब्दाने 'श्रद्धा' या शब्दाची जागा घेतली आहे. चर्चच्या दृष्टीने हे वैराहून अवघड संकट असावे. वैर्‍याशी वाद तरी घालता येतो. ज्याला प्रश्नच पडत नाही त्याच्यापुढे उत्तर घेऊन उभे राहणारा माणूस एकाकी पडतो. तरीही हा प्रवाह एकाच दिशेचा आहे असे समजू नये. २०२५ च्या ईस्टरच्या वेळी फ्रान्समध्ये दहा हजारांहून अधिक प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ही संख्या आदल्या वर्षापेक्षा पुष्कळ मोठी होती.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो. आजचा फ्रेंच समाज, समाज या नात्याने, ख्रिस्ती धर्माचा वैरी नाही. त्याचा कायदा तटस्थ आहे आणि त्याची मनोवृत्ती बह्वंशी उदासीन आहे. मात्र त्या समाजात वैर करणारी माणसे आहेत. २६ जुलै २०१६ रोजी सँतेतिएन-द्यु-रुव्हरे येथे फादर जाक हामेल या वृद्ध धर्मगुरूची उपासना चालू असताना दोन दहशतवाद्यांनी हत्या केली. ऑक्टोबर २०२० मध्ये नीस येथील चर्चमध्ये तिघांचा बळी गेला. तेथे 'वैर' याहून सौम्य शब्द वापरणे हा मृतांचा अपमान ठरेल. पण कर्ता कोण हे विसरता कामा नये : मारेकरी वैरी होते, आणि शोक करणारा समाज होता.

शब्दांचा हा हिशेब केवळ पांडित्यासाठी नाही. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या सकाळी, श्रीलंकेत तीन चर्चमध्ये आणि काही हॉटेलांत झालेल्या स्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. आपल्याच देशात २००८ मध्ये ओडिशातील कंधमाळ जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबांची घरे व प्रार्थनास्थळे जाळण्यात आली आणि हजारो माणसांना छावण्यांचा आश्रय घ्यावा लागला. प्लोएर्मेलच्या क्रूसासाठी जो शब्द वापरायचा तोच कंधमाळसाठी वापरला, तर कंधमाळमधील माणसाचे दुःख सांगण्यासाठी भाषेत काय उरले ? आणि उलट, काही तक्रारी अतिशयोक्त आहेत एवढ्यावरून सर्वच तक्रारी झटकून टाकल्या, तर जळालेल्या घराची तक्रारही त्याच टोपलीत जाते. दोन्ही चुका शब्द सैल सोडल्यामुळे होतात. एखाद्या धर्माविषयी, मग तो ख्रिस्ती असो वा अन्य कोणताही, समाजाच्या वृत्तीचे वर्णन करण्याचा प्रसंग येईल तेव्हा कर्ता कोण, हिरावले काय आणि दाद कोठे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाल्यावर कोणता शब्द योजावा हे ठरविणे फारसे कठीण जाणार नाही.